वस्तीतलं घर कोण बांधतं?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानाला जमतो, ते शहराविषयी बोलू लागले की आधी पाणी, मग गटार, मग निवारा, आणि बाकी सगळं त्यानंतर, असा क्रम लावत. आज मी त्याच क्रमाच्या जवळपास राहून बोलणार आहे. विषय आहे झोपडपट्टीतल्या घराचा.

हा विषय निघाला की आपल्यासमोर दोनच चित्रं येतात. एकात बुलडोझर असतो, दुसऱ्यात वीस मजली पुनर्वसन इमारत. या दोन चित्रांच्या मधे जे रोज, वर्षानुवर्षं, सरकारच्या आणि आम्हा वास्तुरचनाकारांच्या नजरेआड चाललेलं असतं, ते आपण मोजतच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी १८ लाख लोक झोपडपट्ट्यांमध्ये राहत होते, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. यांतली बहुसंख्य घरं कोणी बांधली? ना म्हाडाने, ना बिल्डरने. राहणाऱ्यांनीच बांधली, हाताशी पैसा येईल तशी. तेव्हा ‘गरिबांना घरं कशी द्यायची’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. घरं बांधली जातच आहेत. ती नीट, सुरक्षित आणि उजेडाची व्हावीत म्हणून आपण काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

पत्र्यापासून स्लॅबपर्यंत

वस्तीतलं घर एकदम होत नाही. आधी बांबू, पत्रा, ताडपत्री. मग राडारोडा आणून जोतं उचलायचं, कारण पावसाळ्यात पाणी आत येतं. मग एका बाजूची वीटभिंत, पुष्कळदा शेजाऱ्याशी सामाईक. मग जमिनीला कोबा, पुढे कधीतरी फरशी. मोरी आत येते. मुलं मोठी झाली की लोखंडी अँगल आणि प्लाय टाकून माळा होतो. मुलाचं लग्न ठरलं की माळ्याच्या जागी स्लॅब पडतो आणि वर खोली चढते. ती कधी सुनेला मिळते, कधी भाडेकरूला. या सगळ्यात पंधरा-वीस वर्षं सहज जातात.

पैसा कुठून येतो? भिशीचा नंबर लागला, दिवाळीचा बोनस मिळाला, गावचा जमिनीचा तुकडा विकला, दागिना गहाण पडला, बचत गटातून कर्ज निघालं. बँक गृहकर्ज देत नाही, कारण तिला सात-बारा किंवा खरेदीखत लागतं आणि पगाराची पावती लागते. घरकाम करणाऱ्या बाईकडे, हमालाकडे, रिक्षा चालवणाऱ्याकडे या दोन्ही गोष्टी नसतात. ज्याची कमाई हप्त्याहप्त्याने येते, त्याचं घरही हप्त्याहप्त्यानेच होणार. या पद्धतीला लोकांचं अज्ञान म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या परिस्थितीत तिच्याइतकं शहाणपणाचं दुसरं काही नाही. अंगावर मोठं कर्ज नसतं, आजारपण आलं तर काम थांबवता येतं, घर अर्धवट असलं तरी त्यात राहता येतं.

पण या पद्धतीत धोके आहेत आणि ते लपवून चालणार नाही. पहिला धोका पायाचा. एका मजल्यासाठी घातलेल्या उथळ पायावर पुढे दोन मजले चढतात, आणि खाली चार इंची वीटभिंत असते. दुसरा धोका उजेड-वाऱ्याचा. घरं पाठीला पाठ लावून असतात, त्यामुळे एकच बाजू उघडी राहते. पत्रा दुपारी भट्टीसारखा तापतो आणि मागच्या भिंतीला खिडकी काढायला जागा नसते. तिसरा धोका जिन्याचा. आत जिना घेतला तर खोली खातो, म्हणून गल्लीत लोखंडी उभी शिडी लागते आणि म्हातारी माणसं वरच्या खोलीत अडकून पडतात. चौथा धोका मात्र घरमालकाच्या हातात अजिबात नाही. दर निवडणुकीआधी गल्लीत नवीन काँक्रीट ओतलं जातं, जुनं उकरलं जात नाही. गल्ली वर वर येत जाते आणि घरं खाली जातात. ज्या बाईने वीस वर्षांपूर्वी जोतं दोन फूट उचललं होतं, तिच्या उंबऱ्यातून आज पुन्हा पाणी शिरतं. विकासकामाचा फलक मात्र गल्लीच्या तोंडाशी दिमाखात उभा असतो.

या चार धोक्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट कळते. खोली कशी लावायची, ओटा कुठे हवा, देव्हारा कुठे हवा, हे कुटुंबाला उत्तम कळतं. पाया किती खोल हवा, सांडपाणी कुठल्या उताराने जाईल, गल्लीची पातळी काय असावी आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, हे एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचं आहे. मदत हवी ती इथे. आपण मात्र नेमकं उलटं करतो. खोली कशी असावी ते ठरवून देतो आणि जमिनीच्या प्रश्नाला हात लावत नाही.

सरकार काय काय करून बसलं

हा इतिहास थोडक्यात सांगते. १९७१ मध्ये महाराष्ट्राचा झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास कायदा आला. १९७६ मध्ये मुंबईतल्या झोपड्यांची मोजणी होऊन फोटोपास दिले गेले. पहिल्यांदाच वस्तीतल्या माणसाच्या हातात शहराने दिलेला एक कागद आला. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईत दोन योजना सुरू झाल्या. एकीत वस्तीच्या सहकारी संस्थेला जमीन भाडेपट्ट्याने द्यायची आणि घरसुधारणेला कर्ज द्यायचं. ती उद्दिष्टाच्या बरीच अलीकडे थांबली. दुसरीत चारकोप, गोराईसारख्या ठिकाणी पाणी, गटार, रस्ता यांची सोय केलेले लहान लहान भूखंड द्यायचे आणि घर लोकांनी आपापल्या गतीने बांधायचं. त्या काळात या दुसऱ्या योजनेवर टीका झाली, सावकाश भरणाऱ्या वसाहती अपयशी समजल्या गेल्या. पुढे २०१८ मध्ये जागतिक बँकेच्याच अभ्यासकांनी मुंबई आणि चेन्नईतल्या या वसाहतींकडे पुन्हा वळून पाहिलं, तेव्हा त्या भरलेल्या, वाढलेल्या आणि चांगल्या टिकलेल्या दिसल्या. घर सावकाश होतं, तेव्हा त्याची परीक्षाही सावकाश घ्यावी लागते. तीन वर्षांनी प्रगतिपुस्तक मागितलं तर नापासच होणार.

पण १९९० नंतर दिशा बदलली. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने जमिनीच्या किमतीवर सगळा हिशेब बसवला. बिल्डरने रहिवाशांना मोफत सदनिका द्यायची आणि बदल्यात वाढीव चटईक्षेत्र विकायचं. आधी २२५ चौरस फूट, पुढे २६९, मग ३०० चौरस फूट. या योजनेत अनेकांना पक्कं घर मिळालं, हे मी नाकारत नाही. पण हा हिशेब जिथे जमिनीला भाव आहे तिथेच बसतो. आणि जिथे बसला, तिथे इमारती कशा झाल्या? गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारतींत डॉक्टरांनी आणि आयआयटीच्या अभ्यासकांनी क्षयरोगाचा आणि ऊन-वाऱ्याचा संबंध तपासला. काही इमारतींमधलं अंतर अवघं तीन मीटर. खालच्या मजल्यांवर सूर्य पोचत नाही. झोपडी गेली, क्षयरोग राहिला.

येरवड्याचा प्रयोग

आता पुण्याकडे येते, कारण आजच्या विषयाचं सगळ्यांत बोलकं उदाहरण आपल्या शहरातच आहे. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचं जवाहरलाल नेहरू शहरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं. त्यात शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा, म्हणजे बीएसयूपी, नावाचा भाग होता. अनेक शहरांनी त्या पैशातून गावाबाहेर इमारती उभारल्या. पुणे महानगरपालिकेने मात्र सुमारे चार हजार घरं आहेत तिथेच, जागच्या जागी बांधायचं ठरवलं. काम वेगवेगळ्या संस्थांना वाटून दिलं. येरवड्यातल्या नेताजीनगर, भाटनगर, वडार वस्ती, मदर तेरेसानगर, शीला साळवेनगर अशा वस्त्यांत स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन हा वस्तीतल्या बायकांचा बचतीवर उभा राहिलेला संघ यांनी हे काम घेतलं.

एका घराला ३ लाख रुपये. निम्मा वाटा केंद्राचा, उरलेल्यातला बहुतेक राज्याचा आणि महापालिकेचा, आणि दहा टक्के, म्हणजे ३० हजार, कुटुंबाचा. क्षेत्रफळ २७० चौरस फूट. मुख्य अट: घर कच्चं असलं पाहिजे.

महिला मिलनच्या बायकांना मोजणी नवी नव्हती. स्पार्क १९८४ मध्ये भायखळ्यात सुरू झाली तीच फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर. १९८५ मध्ये त्यांनी फुटपाथवरच्या कुटुंबांची स्वतःच पाहणी केली होती. त्याच दशकात या बायकांनी कापड आणि लाकडाची पूर्ण आकाराची घरं मैदानात उभी करून, त्यात फिरून, हात लावून, आपल्याला काय हवं ते ठरवलं होतं. नकाशा वाचता येत नाही म्हणून कोणी गप्प बसायचं कारण उरलं नाही. त्यातून १४ फूट उंचीची खोली आणि आत माळा, हा त्यांचा स्वतःचा आराखडा निघाला. चौरस फूट वाढवायला पैसे नाहीत, तर उंची वाढवा. हे गणित आम्हाला महाविद्यालयात कोणी शिकवलेलं नव्हतं.

येरवड्यात घर न् घर मोजलं गेलं, क्रमांक पडले, कोणाचं कच्चं, कोणाचं पक्कं याची नोंद झाली. स्टॉकहोमहून आलेल्या फिलिप बालेस्त्रा आणि सारा योरान्सन या तरुण वास्तुरचनाकारांनी वाढत जाणाऱ्या घराचे तीन नमुने मांडले. पहिलं दुमजली घर, पण सांगाडा तीन मजल्यांना पुरेल असा. दुसरं खांबांवर उचललेलं, खालची जागा गाडीला किंवा दुकानाला मोकळी. तिसरं तीनमजली, ज्याचा मधला मजला पुढे कधी भरायचा म्हणून रिकामा. प्रत्यक्ष बांधकाम पुण्याच्या प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयाने घराघराच्या जागेप्रमाणे आराखडे बदलत पुढे नेलं. जागा दीडशे चौरस फूट असेल तर २७० फूट दोन मजल्यांवर वाटायचे. अगदीच लहान जागा असेल तर शेजारच्यांना एकत्र बसवून भिंत, जिना, कधी पायाही सामाईक करायचा.

हे ऐकायला सोपं आहे. करताना काय होतं? तुमचा जिना माझ्या दारासमोर का? तुझी मोरी माझ्या भिंतीला का? गल्ली रुंद व्हायची तर अर्धा फूट कोणी सोडायचा? हे प्रश्न महापालिकेच्या कचेरीत सुटत नाहीत, कारण कोणाचं कोणाशी पटतं हे तिथल्या अभियंत्याला माहीत नसतं. ते त्याच गल्लीत राहणाऱ्या बायकांनीच बसून सोडवले. लोकसहभाग म्हणजे शेवटी हेच. सभेत हात वर करणं नव्हे, अर्ध्या फुटावरचं भांडण मिटवणं.

आणि बांधणं? सिमेंट, खडी, वाळू गल्लीच्या तोंडाशी उतरायची आणि घमेल्याने डोक्यावरून आत जायची. दोन पक्क्या घरांच्या मधलं एक कच्चं घर पाडून तिथे पाया खणायचा, तर दोन्हीकडच्या भिंती सांभाळायच्या. तोवर कुटुंब जवळपास भाड्याने राहायचं. मोकळ्या माळावर शंभर घरं उभारणं याहून कितीतरी सोपं. तरीही लोक इथेच राहिले. मुलांची शाळा तुटली नाही, बायकांची धुण्याभांड्याची कामं तुटली नाहीत, शेजार तुटला नाही. शहराच्या कडेला दिलेल्या मोफत घराला कुलूप लावून माणसं परत का येतात, याचं उत्तर यात आहे.

जिथे हा प्रयोग अडला

येरवड्याचं कौतुक देशाबाहेरही झालं. पण स्मृतिव्याख्यान म्हणजे गौरवपत्र नव्हे, म्हणून तो कुठे अडला तेही सांगायला हवं.

पहिलं, ‘कच्चं घर’ ही अट. ज्यांनी पोटाला चिमटा काढून वीटभिंत आधीच उभारली होती, ते योजनेबाहेर पडले. काटकसरीने पुढे सरकलेल्याला काही मिळालं नाही. शिवाय कच्ची-पक्की घरं एकमेकांत मिसळलेली असल्याने एकेक घर सुटं बांधावं लागलं. सलग गल्ली हाती आली असती तर सगळ्यांना थोडा उजेड, थोडा वारा, एक सरळ गटार मिळालं असतं.

दुसरं, पैसा ठरलेला आणि महागाई धावती. सिमेंट आणि सळईचे भाव चढत गेले, ३ लाख तिथेच राहिले.

तिसरं सगळ्यांत मोठं. घर पक्कं झालं, जमिनीचा कागद त्याबरोबर आला नाही. पाया मिळाला, पायाखालची जमीन आपली नाही. आणि जमीन आपली नसेल तर पुढचा मजला कोणत्या भरवशावर चढवायचा?

दुसरीकडे काय शिकता येतं

कराचीत १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला. त्यांनी एक साधी वाटणी केली. घरातला संडास, गल्लीतलं गटार आणि गल्ल्या जोडणारी वाहिनी लोकांनी स्वतःच्या खर्चाने करायची. मोठी वाहिनी आणि प्रक्रिया केंद्र सरकारने करायचं. एकक होतं गल्ली, घर नव्हे आणि पूर्ण वस्तीही नव्हे. वीस-तीस घरांच्या गल्लीत कोणी पैसे भरले नाहीत हे सगळ्यांना दिसतं, म्हणून हिशेब चोख राहतो.

इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी, जे जन्माने पुण्याचेच, १९८० च्या दशकात सुमारे साडेसहा हजार भूखंडांची आखणी केली. सर्वांत गरीब कुटुंबाला जोतं आणि संडास-नळाचा गाभा, एवढंच दिलं; नमुन्यादाखल ८० घरं बांधून दाखवली. बाकी घर ज्याचं त्याने वाढवलं. याच काळात चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला अंगणाभोवती सात-सात घरं लावून, प्रत्येकाला वाढायला जागा ठेवून वसाहत केली. आज तिथली बरीच मूळ घरं मोठ्या घरांखाली गडप झाली आहेत. अंगणं मात्र बहुतांशी टिकली. मला वाटतं, वास्तुरचनाकाराने इथूनच शिकावं: घर बदलणार हे गृहीत धरा, मोकळी जागा आणि पाया मात्र बदलता येणार नाही असा आखा.

आणि जमिनीच्या प्रश्नावर ओडिशा पुढे गेलं. २०१७ मध्ये त्यांनी झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला आणि ड्रोनने वस्त्यांची मोजणी करून तो अमलात आणायला सुरुवात केली. आपल्याकडे नागपुरात पट्टेवाटपाचं काम काही प्रमाणात झालं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१५ पासून स्वतः घर बांधणाऱ्याला टप्प्याटप्प्याने अनुदान मिळतं: केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. वस्तीसाठी इतकी योग्य योजना दुसरी नाही. पण अर्जाला जमिनीचा कागद लागतो, आणि कागद नसतो म्हणून वस्तीच बाहेर राहते. कुलूपही सरकारचं, किल्लीही सरकारकडे.

दोन आक्षेप

एक आक्षेप डावीकडून येतो: लोकांनीच बांधायचं म्हणता, तर सरकारची जबाबदारी कोणाच्या गळ्यात घालता? आक्षेप खरा आहे. ‘लोकांचा सहभाग’ म्हणत खर्च लोकांवर ढकलणं हे आपण पाहिलं आहे. म्हणून वाटणी स्पष्ट हवी. जमीन, पाया, पाणी, सांडपाणी, गल्ली ही सरकारची जबाबदारी आणि ती पूर्ण हवी. मजला, खोली, खिडकी कुटुंबाची.

दुसरा आक्षेप नियोजनाच्या बाजूने येतो: नाल्याकाठी, डोंगरउतारावर, रेल्वे रुळांलगत काय करणार? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुण्यात माणसं गेली. तिथे ‘जागच्या जागी’ म्हणणं हा हट्ट ठरेल. अशा वस्त्या हलवाव्याच लागतील, जवळच, आणि लोकांशी बोलून. पण एका नाल्याचा दाखला देऊन सपाट, सुरक्षित जमिनीवरच्या शंभर वस्त्या हलवायच्या, हे चालणार नाही.

काय मागायचं

म्हणून शेवटी चार ठोस गोष्टी मागते. एक, प्रत्येक सुरक्षित वस्तीला आधी भाडेपट्टा, मग योजना. हा क्रम उलटा नको. दोन, पैसा गल्लीच्या एककाने द्या आणि ज्याची भिंत आधीच विटेची आहे त्यालाही स्लॅबसाठी, जिन्यासाठी, संडासासाठी मदत द्या. तीन, प्रत्येक प्रभागात एक वास्तुरचनाकार आणि एक संरचना अभियंता असावा, जो वस्तीतल्या मिस्त्रीबरोबर बसून पायाची खोली आणि सळई तपासून देईल. सरकारी रुग्णालयात डॉक्टर असतो, तसा. चार, गल्लीत नवीन काँक्रीट ओतण्याआधी जुनं उकरा. याला नवा कायदा लागत नाही, नवं अनुदान लागत नाही, फक्त ठेकेदाराच्या बिलावर सही करताना डोकं जागेवर असावं लागतं.

आपल्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सभासद आहात, करदाते आहात, काही महापालिकेत होता, काही आहात. येत्या निवडणुकीत उमेदवार दारी आला की त्याला वीस मजली चित्र दाखवू देऊ नका. तुमच्या प्रभागातल्या वस्तीची जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि ती तिथल्या लोकांच्या संस्थेला भाडेपट्ट्याने कधी मिळणार, एवढं विचारा. उत्तर लेखी मागा.